पांढऱ्या पेशी नस कशी आवळतात, अन् सिकलसेलवाल्या घरानं त्याचं काय करायचं

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. शेतातल्या मोटरीची लाईन रात्री १२ ला येणार म्हणून माझा भाचा भाऊजींसोबत हरभऱ्याला पाणी द्यायला गेला, वय १६, अंगात नुसता हाफ स्वेटर, पायात काहीच नाही, आणि तीन तास त्या बर्फासारख्या पाण्यात उभा राहून पाणी वळवत राहिला. पहाटे घरी आला तो कंबर आणि मांड्या धरूनच, "मामा, हाडं फुटून राह्यले ना बाप्पा" म्हणत. भाचा एसएस आहे, म्हणजे सिकलसेलचा (लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, तो आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) पूर्ण पेशंट, बहीण अन् भाऊजी दोघंही एएस, म्हणजे नुसते वाहक, मी पण एएस. आणि मी स्वतः १४ वर्षांपासून लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून राह्यलो, तरी त्याला रात्रीच्या ओलिताला जाऊ नको म्हणायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

घरात बुढी म्हणे रगत कमी झालं असन. भाऊजी म्हणे लाल पेशी विळ्यासारख्या झाल्या असतील, आशाताईंनी पोस्टरवर दाखवलं होतं. दोघांचंही अर्धंच बरोबर, कारण वाकड्या पेशी तर त्याच्या रक्तात रोजच असतात, उन्हाळ्यात पण, क्रिकेट खेळताना पण, मग रोज काहून दुखत नाही? त्याच रात्री का दुखलं? हा प्रश्न सुटला की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून ही पोस्ट. पोस्टरवर लाल पेशीचंच चित्र असतं, पांढऱ्या पेशीचं नसतं अन् नस आवळण्याचं तर नसतंच, आणि घरी आपल्या हातात जे काही आहे त्यातलं बरंचसं या दोन गोष्टींमध्येच आहे.

(नस म्हणजे इथं रक्ताची नळी बरं का, मुंग्या येणारी, दबणारी नस वेगळी.)

आधी आपल्या हातावर करून पाहा

पेशंटवर नाही, स्वतःवर. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला जिथं कातडी उजळ असते, तिथं बोथट गोष्टीनं, पेनाच्या टोपणानं म्हणा, जरा जोर देऊन एक रेघ ओढा आणि दोनतीन मिनिटं बघत राहा. आधी रेघ लालसर होते, मग तिच्या आजूबाजूला लाली पसरते, काहींना रेघ फुगून वर पण येते. रंग सावळा असला तर लाली कमी दिसेल, बोट ठेवून बघा, तिथं गरम लागतं. लंडनच्या डॉक्टर थॉमस लुईसनं हे १९२७ मध्ये नीट लिहून ठेवलंय. होतं काय, तर कातडीत मास्ट पेशी नावाच्या पहारेकरी पेशी बसलेल्या असतात, पांढऱ्या पेशींच्याच खानदानातल्या, बोनमॅरोतूनच आलेल्या, त्यांना धक्का लागला की त्या हिस्टामिन सोडतात आणि बारीक नसा सैल पडतात. बाभळीचा काटा रुतल्यावर पाय लाल होऊन ठणकतो त्याची सुरुवात पण अशीच.

आता दुसरं. बोटाचं नख दाबा, पांढरं होईल, सोडा, दोन सेकंदाच्या आत परत गुलाबी व्हायला पाहिजे. मग तोच हात माठाच्या नाहीतर फ्रिजच्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि परत दाबून बघा. वेळ लागतो. थंडीनं नस आवळली, रक्त उशिरा आलं. हा दुसरा प्रयोग एसएस पोट्ट्यावर अजिबात करायचा नाही, मजा म्हणून पण नाही, ज्या गोष्टीपासून त्याला वाचवायचंय तीच आहे ती.

म्हणजे नस हा काही पीव्हीसीचा पाईप नाही. तिच्या भिंतीत गोल स्नायू असतो, तो आवळतो, सैल होतो, आणि त्याला कधी काय करायचं ते सांगणारे बरेच जण आहेत, त्यातली एक मोठी पार्टी म्हणजे पांढऱ्या पेशी.

ठिबकची नळी डोळ्यासमोर आणा

ज्यांच्याकडे ड्रिप आहे त्यांना हे एका मिनिटात कळेल. ड्रिपर बंद पडतो तेव्हा तीन गोष्टी होऊ शकतात. पाण्यात कचरा आला, तो झाला लाल विळ्या पेशींचा प्रकार. नळीत आतून शेवाळ धरलं आणि येणारा कचरा त्या चिकट शेवाळाला अडकायला लागला, त्या चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी. आणि कोणीतरी नळीवर पाय देऊन उभं राहिलं, तो नस आवळण्याचा प्रकार. नुसता कचरा असला तर बहुतेक वाहून जातो, तिन्ही एकत्र आले की मग रांगच्या रांग सुकते.

आणि पाय थोडासा जरी पडला तरी काय होतं बघा. नळीतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या चौथ्या घातावर चालतं, म्हणजे रुंदी नुसती १० टक्के कमी झाली तर प्रवाह जवळपास ३४ टक्के घटतो आणि रुंदी अर्धी झाली तर सोळावा हिस्साच उरतो. रक्त पाण्यासारखं साधं नाही म्हणून आकडा थोडा मागंपुढं होईल, पण अंदाज येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथं थोडं थांबा. एसएसच्या लाल पेशीतलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर लगेच वाकडं होत नाही, त्याला थोडा वेळ लागतो. पेशी तेवढ्या वेळात बारीक नसेतून निघून परत फुप्फुसाकडं वळली तर ती वाचली, सरळची सरळ. पण नस आवळलेली असली किंवा वाटेत कोणी चिकटून बसलेलं असलं तर पेशी रेंगाळते आणि रेंगाळली की तिथंच विळा होते. हाच तो घोळ, आजार लाल पेशीचा पण दुखण्याची वेळ ठरवणारे दुसरेच. भाच्याच्या लाल पेशी त्या रात्री काही बदलल्या नव्हत्या, नळी बदलली होती.

पांढऱ्या पेशी करतात तरी काय

लाल पेशी ७-८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी १२ ते १५ ची, आणि सगळ्यात बारीक नसा ५ ते १० मायक्रॉन. म्हणजे न्यूट्रोफिल तिथून दबून, अंग चोरूनच जाते. संख्येनं लाल पेशींपुढं चिमूटभर, सातआठशे लालमागं एक पांढरी, पण चवताळली की ती कडक होते आणि नसेच्या आतल्या अस्तराला चिकटते. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी सिकलसेल असलेल्या उंदराच्या जिवंत नसा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटलेल्या आणि लाल पेशी येऊन त्यांच्यावर अडकून राह्यलेल्या, असं दिसलं. तेच शेवाळ अन् तोच कचरा.

आवळायचं काम वेगळ्या रस्त्यानं होतं. नसेचं अस्तर नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू थोडा थोडा सोडत राहतं, तो स्नायूला म्हणतो सैल राह्य. १९८० मध्ये फर्शगॉट नावाच्या शास्त्रज्ञानं सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं की अस्तर शाबूत असलं तर औषध टाकल्यावर नस सैल होते, अस्तर घासून काढलं तर होतच नाही. पुढं १९९८ मध्ये त्याला, इग्नारोला आणि म्युराडला या वायूच्या कामासाठी नोबेल मिळालं. तर चवताळलेली न्यूट्रोफिल जंतू मारायला सुपरऑक्साईड नावाचं जहाल रसायन फेकते आणि ते हा वायू क्षणात खाऊन टाकतं, सैल राह्य म्हणणाराच गेला. वरून पांढऱ्या पेशी ल्युकोट्राईन सोडतात, त्यांना चिकटलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) थ्रोम्बॉक्सेन सोडतात, ही दोन्ही रसायनं पण नस आवळतात, आणि दुखावलेलं अस्तर एन्डोथेलिन सोडतं, जे १९८८ मध्ये जपानात सापडलं आणि नस आवळण्यात एकदम जालीम आहे. एसएसमध्ये भर अशी की फुटलेल्या लाल पेशींमधून सांडलेलं हिमोग्लोबिन पण तोच वायू खातं. सगळीकडून मार त्या एका वायूवरच.

पण पांढरी पेशी म्हणजे दुश्मन, असं डोक्यात घेऊ नका. काटा रुतल्यावर तिच्याच नातलगांनी नस सैल केली ना. मोठं इन्फेक्शन रक्तात पसरलं की मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) अन् इतर पेशी ढीगभर नायट्रिक ऑक्साईड काढतात, सगळ्या अंगाच्या नसा एकदम ढिल्या पडतात आणि बीपी खाली येतो, सेप्सिसमध्ये माणूस गार पडतो त्यात याचा मोठा वाटा असतो. म्हणजे त्याच पेशी कुठं, किती अन् कशानं चवताळल्या त्यावर नस आवळणार की सुटणार ते ठरतं. आणि हे सिकलसेलपुरतं नाही, २००७ मध्ये असं दिसलं की ज्या उंदरांमध्ये टी आणि बी लिम्फोसाईट (पांढऱ्या पेशींचेच प्रकार) नाहीतच त्यांचा बीपी अँजिओटेन्सिन हे नस आवळणारं रसायन दिल्यावर कमी चढतो, टी पेशी परत टाकल्या की चढतो. 

आता करायचं काय, थंडीपासून सुरू करतो

रात्रीचं ओलीत एसएसवाल्यासाठी बंद. पूर्ण बंद, गमबूट घालून पण नाही, दुसरं कोणी जाईल. रोवणीच्या दिवसात बांधीतल्या चिखलात दिवसभर पाण्यात पाय हा पण तोच प्रकार, त्यात वरून पाऊस. बहीण म्हणे मग काय पोट्टं घरातच बसवू का, तर नाही, परे (धानाची रोपं) बांधावर पोचवायचं, डबा न्यायचं, हिशेब ठेवायचं काम द्या, भिजलं की लगेच कोरडे कपडे, एवढं पाळा. हिवाळ्यात अंघोळ कोमट पाण्यानं अन् अंग पुसेपर्यंत वाऱ्यात उभं राहायचं नाही, मोजे रात्री झोपताना पण.

उन्हाळ्यात थंडी कुठली म्हणाल, तर आपल्याकडं ४५-४६ डिग्रीतून आलेलं पोरगं सरळ मामा तलावात (माजी मालगुजारी तलाव) नाहीतर बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उडी मारतं. अंग तापलेलं, पाणी गार, नसा एकदम आवळतात, कितीक पेशंटचा क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, पोहण्यानंतर सुरू झालेला मी ऐकलाय. कूलरच्या ओल्या हवेच्या तोंडाशी झोपवू नका, बाजूला झोपवा. पोहायचंच असलं तर दुपारी, कमी वेळ, आधी हातपाय भिजवून, आणि बाहेर निघाल्यावर टॉवेल तयार.

पाणी, पण लघवीचा रंग पाहून नाही

ही चूक शिकलेले लोक पण करतात. सगळीकडं सांगतात लघवी पिवळी झाली तर पाणी प्या, पांढरी असली तर ठीक. एसएसमध्ये हे चालत नाही कारण मूत्रपिंडाच्या आतल्या बारीक नसा लहानपणापासूनच खराब होत जातात आणि लघवी घट्ट करायची ताकद कमी होते, अंग सुकलेलं असलं तरी लघवी फिकटच येते. आणि उलट, काविळीमुळं पाणी भरपूर असून पिवळी दिसू शकते. म्हणून रंग सोडा, बाटली मोजा. मोठ्या माणसाला दिवसाचे ३ ते ४ लिटर, मेमध्ये शेतात असला तर त्याहून जास्त, लहान पोरांचं वजनावर डॉक्टरांना विचारून ठरवा, हृदयाचा नाहीतर किडनीचा त्रास असला तर त्यांनी सांगितलं तेवढंच. ताक, पेज, आंबील, लिंबूपाणी सगळं धरायचं त्यात. चहा नाही धरायचा. आमच्याकडं आता लिटरची बाटली आहे, तिच्यावर पोरानंच मार्करनं ओळी मारल्या, सकाळची ओळ, शाळेची ओळ, संध्याकाळची.

हे एवढं काहून, तर पाणी कमी झालं की लाल पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि वर सांगितला तो वाकडं व्हायला लागणारा वेळ भयंकर झपाट्यानं कमी होतो. दाटपणा जरासा वाढला तरी वेळ कितीतरी पट घटतो. जुलाब लागले की म्हणून ओआरएस लगेच, उद्या बघू नाही.

खर्रा

आता यावर लोक चिडतात. पानठेल्यावर दहावीतली पोरं पन्नीवर खर्रा (तंबाखू-सुपारी-चुना) घोटताना रोज दिसतात आणि त्यात एसएसवाले पण असतात. तंबाखूतलं निकोटीन नसा आवळतं, खर्रा गालात ठेवला म्हणजे ते तासभर हळूहळू रक्तात मुरत राहतं. बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी पण वाढलेल्या असतात, हे आम्हाला लॅबमध्ये वारंवार दिसतं. म्हणजे पाय पण नळीवर अन् शेवाळ पण आत. कॅन्सर होईल म्हणून सांगितलं तर पोट्टे ऐकत नाहीत कारण तो वीस वर्षांनी होणार, पण याच हिवाळ्यात मांडी ठणकेल म्हटलं की भाच्यानं ऐकलं, महिनाभर तरी. मग परत सापडला. आता सुटलाय म्हणतो, मी खिसे तपासतो. मोहाच्या दारूनं अंग सुकतं, त्यावर वेगळं काय लिहायचं.

इंजेक्शन, सर्दीची गोळी आणि बर्फ

हा भाग प्लीज नीट वाचा. गावोगाव सांधेदुखी म्हटलं की एक इंजेक्शन ठोकतात आणि तासाभरात माणूस नाचायला लागतो, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं, स्टेरॉईड. एसएसवाल्याला पण देतात, कारण तो पण हाडं दुखतात म्हणूनच येतो. स्टेरॉईडनं रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा वाढतो आणि असर उतरला की दुखणं परत उसळून येतं, पेशंट पुन्हा भरती व्हावा लागतो, हे सिकलसेलमध्ये चांगलं माहीत असलेलं आहे. काही वेळा मोठे डॉक्टर खरोखर गरज म्हणून स्टेरॉईड देतात, ती गोष्ट वेगळी, ते नजरेखाली देतात. आमच्या भाच्याला ९ व्या वर्षी एका ठिकाणी असंच इंजेक्शन दिलं होतं, दोन दिवस पोरगं मस्त अन् तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स. म्हणून सुई टोचण्याआधी विचारा काय देता, नाव लिहून मागा, राग आला तरी चालेल.

पांढऱ्या पेशींचा किती हात आहे याचा पक्का पुरावा पण औषधांतूनच मिळाला. न्यूट्रोफिल वाढवणारं एक इंजेक्शन असतं, कॅन्सरच्या पेशंटला देतात, ते सिकलसेलवाल्यांना दिल्यावर जबरदस्त क्रायसिस आल्याच्या आणि जीव गेल्याच्या नोंदी आहेत.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, ते नसा आवळणारंच औषध आहे. मेडिकलमधून मनानं आणू नका, वाफ द्या, नाहीतर डॉक्टरांना एसएस आहे सांगून विचारा. आणि दुखऱ्या जागेवर बर्फ कधीच नाही, क्रिकेटमध्ये लागलं तरी नाही. शेक द्यायचा, कोमट, कातडी भाजणार नाही असा.

इन्फेक्शन म्हणजे पांढऱ्या पेशींना निमंत्रण

ताप, दातातला पू, चिखल्या, करट, काही पण असलं की पांढऱ्या पेशी चवताळतात, मग चिकटाचिकटी सुरू. एसएसवाल्याची प्लीहा, जिला आपल्याकडं पानथरी म्हणतात, लहानपणीच निकामी होत जाते म्हणून जंतूंशी लढायला एक शिपाई आधीच कमी. ५ वर्षांपर्यंत पेनिसिलिन रोज, न्यूमोकोकलची लस, हे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) विचारून घ्या, चुकवू नका. आणि गडचिरोली पट्ट्यात मच्छरदाणी. एएसवाल्याला जबर मलेरियापासून थोडं संरक्षण असतं हे खरं, त्यावरून एसएसला पण असेल असं समजणारे भेटतात मला, उलट आहे, एसएसला मलेरिया फार वाईट पडतो.

रिपोर्ट कसा वाचायचा

हे माझं काम म्हणून जरा जास्त लिहितो. सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीत, टीएलसी लिहिलेलं असतं, म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी, साधारण ४,००० ते ११,००० बरोबर. एसएसमध्ये काहीच त्रास नसताना पण तो १२-१५ हजार असू शकतो. म्हणून बरं असतानाचा टीएलसी माहीत पाहिजे, तीन महिन्यांतून एकदा काढून वहीत लिहा. भाच्याचा नेहमीचा १४ हजारांच्या आसपास, त्या डिसेंबरच्या पहाटे २१ हजार होता. नुसता २१ पाहून काही कळत नाही, १४ वरून २१ म्हटलं की कळतं. अमेरिकेतल्या ३,७६४ पेशंटच्या १९९४ च्या मोठ्या अभ्यासात ज्यांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच १५ हजारांच्या वर त्यांना धोका जास्त दिसला होता, तेव्हा हा आकडा किरकोळ नाही.

एक गोम सांगतो जी बऱ्याच लॅबमध्ये सुटते. एसएसच्या रक्तात कच्च्या लाल पेशी फिरतात, त्यांच्यात केंद्रक असतं, आणि कितीतरी मशीन त्यांना पांढऱ्या समजून मोजतं. स्लाईड पाहणाऱ्यानं १०० पांढऱ्यांमागं अशा किती दिसल्या ते लिहिलं असेल तर हिशेब करा, टीएलसी गुणिले १००, भागिले १०० अधिक तो आकडा. टीएलसी २२,००० आणि कच्च्या १० असल्या तर खरा टीएलसी २०,०००. लिहिलं नसेल तर सांगा, भाऊ स्लाईड पाहून द्या, एसएस आहे.

न्यूट्रोफिल किती ते पण काढा, टीएलसीला न्यूट्रोफिलच्या टक्क्यानं गुणून शंभरनं भागायचं. १२,००० मध्ये ६० टक्के म्हणजे ७,२००.

हायड्रॉक्सीयुरिया

या गोळीबद्दल गावात लय गैरसमज, कॅन्सरची गोळी आहे म्हणे. कॅन्सरमध्ये वापरत होते खरं, पण सिकलसेलमध्ये १९९५ मध्ये २९९ मोठ्या माणसांवरचा अभ्यास छापून आला आणि दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले. लोकांना वाटतं ती नुसतं बाळपणीचं, वाकडं न होणारं हिमोग्लोबिन वाढवते, ते तर आहेच, पण ती न्यूट्रोफिल पण कमी करते, आणि त्या अभ्यासात ज्यांचे न्यूट्रोफिल खाली आले त्यांना फायदा चांगला झाला. नायट्रिक ऑक्साईड पण थोडं मिळतं तिच्यातून. म्हणजे कचरा कमी, शेवाळ कमी, पाय पण जरा हलका.

डोस वजनावर असतो, तो डॉक्टरच ठरवणार. तुमचं काम रोज घेणं अन् सांगितलेल्या तारखेला सीबीसी करणं. न्यूट्रोफिल १,२५० च्या खाली किंवा प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या तर साधारणपणे काही दिवस थांबवतात, म्हणून रिपोर्ट न दाखवता चालू ठेवायची नाही. तीन ते सहा महिने फरक दिसायला लागतात, लोक दीड महिन्यात सोडून देतात आणि म्हणतात काही झालं नाही. आणि गोळी घेतो म्हणून थाप मारणारे पोट्टे आम्हाला लॅबमध्ये सापडतात, गोळी नियमित असली की एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) वाढतो, नाही वाढला की समजायचं गोळ्या उशीखाली आहेत. लग्न झालेल्यांनी मूल पाहिजे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, आणि घरातल्या गरोदर बाईनं कॅप्सूल उघडून हाताळायची नाही.

दुखायला लागलंच तर

पहिला तास घरचा. उबदार पांघरूण, पाणी थोडं थोडं पण सारखं, शेक, आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली पॅरासिटॅमॉल. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मनानं नाही, किडनी आधीच नाजूक. आणि पोराला धीर द्या, हे मी गोड बोलण्यासाठी सांगत नाही, सिकलसेलवाल्यांच्या बोटातला रक्तप्रवाह मोजला तर नुसत्या मानसिक ताणानं, आता दुखणार या भीतीनं पण नसा आवळलेल्या सापडल्या आहेत. चार बायका भोवती बसून रडायला लागल्या की पोरगं अजून घाबरतं. आमच्याकडं बुढीला बाहेर पाठवतो आणि मोबाईलवर कबड्डीची मॅच लावून देतो.

तासा-दोन तासात उतार नाही तर निघा. आणि खालचं काही असलं तर तेवढं पण थांबायचं नाही: ताप १०१ च्या वर, छातीत दुखणं किंवा दम लागणं, तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोलणं अडखळणं, लहान लेकराचं पोट डावीकडं एकदम फुगून ओठ पांढरे पडणं. अजून एक, पोरं लाजेनं सांगत नाहीत म्हणून मामा-काकांनी आधीच सांगून ठेवा, लघवीची जागा ताठ होऊन दोन तासांच्या वर दुखत राहिली तर लगेच दवाखाना, उशीर झाला तर कायमचं नुकसान होतं. मी भाच्याला बाईकवर मागं बसवून, तोंड पुढं अन् आवाज बारीक करून सांगितलं होतं, समोर बसून सांगायला मला पण जड गेलं.

रात्री ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर कोण असेल, त्याला भाच्याचं काय माहीत असेल, भरवसा नाही, म्हणून एक कागद करून ठेवलाय. वर नाव, वजन, रक्तगट, मग हे असं: "सिकलसेल एसएस. बरं असतानाचं हिमोग्लोबिन ८.२, टीएलसी १४,०००. हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. स्टेरॉईड डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बर्फ लावू नये. मागचा क्रायसिस डिसेंबर, थंड पाण्यात उभा राहून." खाली माझा आणि भाऊजींचा नंबर. एक झेरॉक्स पोराच्या पाकिटात, एक शाळेत, एक बाईकच्या डिक्कीत, आणि एक मोटरीच्या पेटीवर चिकटवलाय, भाऊजींना रात्री १२ ला स्टार्टर दाबताना दिसावा म्हणून.